वाटीच्या तळाचे चिंचोके

दौंडच्या रेल्वे कॉलनीत बायकांची नावं असून नसल्यासारखी होती. नवऱ्याची जी नोकरी, तिच्यावरून बायको ओळखली जायची. गार्डाची बायको ती गार्डीणकाकू, स्टेशनमास्तरांची ती मास्तरीणबाई, इंजिन चालवणाऱ्याची ती ड्रायव्हरीण. माझा नवरा पार्सल ऑफिसात क्लार्क होता. मला कुणी पार्सलवाली म्हटलं नाही, कारण मी रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होते. सगळ्या मला सिस्टर म्हणायच्या. कॉलनीत स्वतःच्या कामावरून ओळखली जाणारी मी एकटीच होते आणि मला त्याची थोडी ऐट होती, हे कबूल करायला आता हरकत नाही.

दिवाळी सरली की पुढच्या रविवारी दुपारी कॉलनीतल्या आठ बायकांची तीन पत्ती बसायची. तेव्हा वाफेची इंजिनं होती, शेडचा धूर वाळत घातलेल्या कपड्यांवर यायचा, आणि नवरे गाड्यांवर गेले की दुपार आमचीच असायची. पैसा लावायचा नाही, हा पहिला नियम. प्रत्येकीला एक वाटी भरून चिंचोके मिळायचे. वाटी रिकामी झाली की ती बाई बाद. प्रत्येक वाटपाआधी सगळ्यांनी एकेक चिंचोका मध्ये टाकायचा, त्याला बूट म्हणायचे. चहाफराळ झाला की बूट एकाचा तीन व्हायचा, म्हणजे डाव लवकर उरकायचा. शेवटी जिच्याकडे सगळे चिंचोके जमतील ती जिंकली. तिला बक्षीस एकच, पुढच्या वर्षीचा डाव तिच्या घरी. सगळ्यांनी तिच्याकडे जमायचं आणि तिच्या हातचा फराळ खायचा.

आणखी एक नियम होता. कुणी उशिरा आलं तर तिची वाटी तिच्या जागेवर मांडून ठेवायची आणि प्रत्येक वाटपाला त्यातून बूट काढत राहायचं. ड्रायव्हरीण एकदा वेणीफणी करत बसली आणि बाकीच्या ताटकळल्या, तेव्हा हा नियम झाला. त्याला सगळ्यांत मोठ्याने हो म्हणणारी मीच होते.

चिंचोके माझे असायचे. माझं माहेर शिरूरचं. घोडनदीच्या अंगाला आमची वस्ती होती, आणि वस्तीमागे चिंचेची झाडं. माझी आत्या चिंचा फोडायच्या कामावर जायची आणि चिंचोके ओटीत घालून घरी आणायची. आम्ही भावंडं त्यांवर तीन पत्ती खेळायचो. आत्या हरणाऱ्याच्या मागे बसायची आणि त्याला शिकवायची. मी लहानपणी बहुतेक वेळा हरणारीच असायचे, म्हणून मला सगळ्यांत जास्त शिकायला मिळालं.

ती म्हणायची, "थोडं हाय तवा थोडं थोडं टाकू नगंस. मुंग्यांस्नी साखर घाटल्यावाणी संपून जातं. बसायचं तर गप बसायचं, आन् उतरायचं तर समद्यासकट उतरायचं."

नोकरी लागून मी दौंडला आले, तेव्हा न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीत माझ्या मांडीवर चिंचोक्यांचं गाठोडं होतं. कॉलनीच्या बायकांना ते फार आवडले. गुळगुळीत, एकसारखे, चांगले धुतलेले. माझे चिंचोके चालायचे. ते खायचे नव्हते ना.

आम्ही बौद्ध. आमच्याकडे दिवाळीची पूजा नसायची, पण कॉलनीत शेजारपाजाऱ्यांची ताटं यायची, आणि आलेलं ताट रिकामं परत पाठवायचं नाही ही माझ्या आईची शिकवण. म्हणून मी दर वर्षी करंज्या, चिवडा, शंकरपाळे करायचे आणि विणलेल्या रुमालाखाली ताटं पाठवायचे. ताटं धुऊनपुसून, चिमूटभर साखर घालून परत यायची. "छान झालं होतं हो, सिस्टर," असा निरोपही यायचा. आमच्याकडे मात्र कुणी खायला बसलं नव्हतं. येणं व्हायचं, दारात बोलणं व्हायचं, आत बोलावलं की त्यांच्या घरी शेगडीवर दूध ठेवलेलं असायचं. मी मनाची समजूत घातली होती की संसारी बायका, वेळ नसतो.

एका वर्षी दिवाळीच्या आठवड्यात दवाखान्याच्या मागे लिंबाखाली कॉलनीची गटारं झाडणारी मावशी भाकरीचं फडकं सोडून करंजी खात बसली होती. करंजीला मी कातणं लावत नाही. हाताने मुरड घालते, आईसारखी, बारीक आणि तिरकी. कॉलनीत तशी करंजी दुसरं कुणी करत नव्हतं. मी विचारलं तर मावशी म्हणाली की मास्तरीणबाईंनी ताटभर दिल्यात, दर वर्षीच देतात, ड्रायव्हरीणबाई पण देतात. मग तिने एक माझ्यापुढे धरली. म्हणाली, घ्या की सिस्टर, लई ग्वाड झाल्यात.

मी ती घेतली आणि तिच्या शेजारी उभी राहून खाल्ली. खरंच चांगली झाली होती. मावशीचा मला राग नव्हता, तिच्या पोटात गेली याचा आनंदच होता. पण मास्तरीणबाईंच्या दोन्ही मुलांना या जगात आणणारे हात माझे. ड्रायव्हरीण तापाने फणफणली होती तेव्हा तिला चमच्याने पेज पाजणारी मी. हातचं औषध चालायचं आणि हातची करंजी गटारापलीकडे जायची. मला इतका राग आला की त्या दिवशी एका धडधाकट फिटरला मी इंजेक्शन जरा जोरात दिलं. घरी नवऱ्याला काही सांगितलं नाही. तो शांत माणूस, म्हणाला असता सोडून दे. मला सोडायचं नव्हतं. मी ठरवलं, यंदा जिंकायचं. डाव माझ्या घरी आला की नियमाने सगळ्यांना माझ्या सतरंजीवर बसावं लागेल आणि माझ्या ताटातलं खावं लागेल.

आणि नेमकी त्या रविवारी पाटसकडच्या एका गँगमनची बायको दवाखान्यात आणली. पहिलटकरीण, पोर आडवं. दुपारभर मी तिथे अडकले. पोर सुखरूप झालं, आई हसली, मी हात धुतले आणि तशीच पांढऱ्या साडीवर गार्डीणकाकूंच्या क्वार्टरकडे पळत गेले. आधल्या वर्षी काकू जिंकल्या होत्या, म्हणून डाव त्यांच्याकडे होता.

खोलीत पाऊल टाकलं तेव्हा दोघी बाद होऊन बाजूला वाती वळत बसल्या होत्या. माझी वाटी माझ्या जागेवर होती. तिचा तळ जेमतेम झाकला जाईल एवढे चिंचोके उरले होते.

मास्तरीणबाई म्हणाल्या की सिस्टरच्या वाटीला भोक पडलंय बहुतेक. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि बसले.

लहान ढिगाचं एक बरं असतं, करायला फार काही नसतं. तीन पत्तीत पत्ते बघून खेळलं की दुप्पट टाकावं लागतं, न बघता खेळलं की निम्मं. माझ्याजवळ दुप्पट टाकण्याइतके नव्हतेच. मी बूट टाकायचे, पत्ते बघायचे आणि पॅक करायचे, म्हणजे पत्ते टाकून द्यायचे. पुन्हा बूट, पुन्हा पॅक. ड्रायव्हरीण म्हणाली, सिस्टर नुसती हजेरी लावायला आलीय. मी आत्याने शिकवल्यासारखी तोंड मिटून बसले. चहा यायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. बूट तीनचा झाला असता तर माझी वाटी तीनचार वाटपांत आपोआप संपली असती.

स्वयंपाकघरात स्टोव्हचा आवाज आला, तेव्हा माझ्या हातात दोन दश्श्या होत्या. मी वाटी उचलून सगळीच्या सगळी मध्ये पालथी केली. आमच्यात रीत होती, एकीने सगळं टाकलं की चाल संपली. ज्यांना लढायचंय त्यांनी तेवढेच टाकायचे आणि पत्ते उघडायचे. माझं सगळं म्हणजे त्यांच्या दोन चिमटी. चौघींनी हसत हसत टाकले, सिस्टरला चहाआधी मोकळी करू म्हणून. दश्श्यांना कुणी मागे टाकलं नाही. माझी वाटी निम्म्याच्या जवळ आली. मोठ्या ढिगाला लहान ढिगाची भीती वाटत नाही, त्यामुळेच लहान ढीग वाढतो.

चहाफराळ झाला. मी काकूंकडच्या चकल्या खाल्ल्या, खायला मला सगळ्यांच्या घरी द्यायचेच. नंतर असाच गप्प बसून मी आणखी एकदा कलरवर, म्हणजे एकाच रंगाच्या तीन पानांवर, सगळं टाकलं आणि माझी वाटी काठाला आली. दोघी बाद झाल्या. काकू, मास्तरीणबाई, ड्रायव्हरीण आणि मी एवढ्याच उरलो. तेव्हा कुठे मास्तरीणबाईंच्या लक्षात आलं असावं की हा डाव कुठल्या घराकडे चाललाय. त्या पत्ते पिसत म्हणाल्या की सिस्टरला बाई दवाखाना असतो, तिच्याकडे डाव म्हणजे तिच्याच जिवाला त्रास. ड्रायव्हरीण म्हणाली, नाही तर काय. वाती वळणाऱ्या दोघींनीही माना हलवल्या.

तिथून खेळ बदलला. मी खेळात उतरले की त्या दोघी काकूंच्या बाजूने चाल वाढवायच्या, आणि मी पॅक केलं की त्याही पॅक करायच्या. मधला ढीग आयता काकूंकडे. माझ्याविरुद्ध त्यांना एकच मोठा ढीग उभा करायचा होता. काकूंची वाटी भरून चिंचोके सतरंजीवर सांडले होते. चेहऱ्यावर कुणाच्या काही नव्हतं, तोंडाने मुलांच्या परीक्षेच्या गप्पा चालू होत्या. मला रडू येईल असं वाटलं, आणि रडायचं नाही म्हणून मी माझ्या वाटीतले चिंचोके पुन्हा पुन्हा नीट लावत राहिले.

गार्डीणकाकूंचं माहेर तळेगाव ढमढेऱ्याचं, बागायतदारांचं. देवाधर्माच्या कडक, आणि पत्त्यांच्या त्याहून कडक. तिसऱ्यांदा ढीग आयता मिळाला तेव्हा त्यांनी तो उचलला नाही. त्यांनी मास्तरीणबाईंचे टाकलेले पत्ते उलटे केले. जोडी होती, चांगली राण्यांची.

"राण्या टाकून कोन पॅक करतं गं?" काकू म्हणाल्या. "मला दान नगं. खेळायचं आसंल तर नीट खेळा."

यात माझ्याबद्दल कणव होती असं मुळीच नाही. काकूंना डाव हवा होता, खरा. पण मास्तरीणबाई चपापल्या, नीट खेळायला लागल्या, आणि नीट खेळल्यावर लवकरच बाद झाल्या. त्यांच्यामागे ड्रायव्हरीण.

काकू आणि मी समोरासमोर. त्यांचा ढीग माझ्या तिप्पट. बूट टाकला, काकूंनी पत्ते बघितले, पाटावर पालथे ठेवले आणि मोठी चाल केली. म्हणजे हातात काहीतरी होतं. मी माझे बघितले नव्हते. बघितले असते तर वाईट पत्त्यांना भिऊन पॅक केलं असतं, आणि मग बूट भरता भरता संपले असते. मी न बघताच वाटी पालथी केली. काकूंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि तेवढे टाकले. त्यांच्याकडे बदामाचा कलर होता, राजाचा. मी एकेक पान उलटलं. सत्ती. नव्वी. तिसरं पान उलटायला माझाच हात तयार होईना. ती अठ्ठी होती. रन, कलरच्या वर.

हे शहाणपण नव्हतं, नशीब होतं. शहाणपण पुढे दिसलं, आणि तेही काकूंच्या चुकीत. आता दोघींचे ढीग सारखेच होते, पण काकूंना तो लहान वाटायला लागला. गेलेलं परत आणायला त्यांनी पुढचे डाव घाईने खेळले, थोडे इथे, थोडे तिथे, मुंग्यांना साखर घातल्यासारखे. मोठ्या ढिगाची सवय असलेल्या बाईला लहान ढीग खेळता येत नाही. दिवेलागणीच्या आत सगळे चिंचोके माझ्यापुढे होते.

रीतीप्रमाणे हरलेलीने चिंचोके फडक्यात बांधून जिंकलेलीच्या हातात द्यायचे आणि पुढच्या वर्षीचं घर सांगायचं. काकूंनी गाठ मारली आणि म्हणाल्या, पुढचा डाव सिस्टरच्या घरी. सगळ्या हो म्हणाल्या.

वर्षभर मी त्या रविवारची वाट बघितली, लग्नाचीही एवढी बघितली नव्हती. दिवाळी संपल्यावर ताजा फराळ केला. खोबरं स्वतः किसलं, खसखस भाजली, मुरड घालताना हात दुखेपर्यंत घातली. आणि सोमवारपासून एकेकीचे निरोप यायला लागले. एकीची नणंद येणार होती. एकीला नेमका पुण्याला लग्नाचा बस्ता. ड्रायव्हरीणला त्याच दिवशी उपवास निघाला. मास्तरीणबाईंनी सुचवलं की रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्येच बसू या ना, तिथे जागा मोठी. मी म्हटलं, डाव माझ्याकडे आहे, माझ्या घरीच बसेल.

रविवारी सतरंजी घातली, मध्ये ताट मांडून वर रुमाल घातला आणि बसले. नवरा आतल्या खोलीत पेपर वाचत होता. बराच वेळ त्याने पान उलटलं नाही. त्याला सगळं कळत होतं, हे मला तेव्हा कळलं.

मग दारात गार्डीणकाकू. हातात पत्त्यांचा जोड.

"बाकीच्या कुटं हायेत?"

मी म्हटलं, नाहीत आल्या.

काकूंनी चपला काढल्या, आत येऊन पदर सावरून बसल्या आणि पत्ते पिसायला लागल्या. म्हणाल्या, वाट्या मांड. मी दोन मांडल्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उठून उरलेल्या सहाही आणल्या, भरल्या आणि रिकाम्या जागांपुढे ठेवल्या. काकूंनी प्रत्येक वाटीतून एकेक चिंचोका काढून मध्ये टाकला. मग आम्ही दोघी खेळायला लागलो.

बराच वेळ खेळलो. एकेकाच्या बुटाने सहा भरल्या वाट्या काही हलेनात. गार्डसाहेबांची गाडी संध्याकाळी यायची होती आणि काकूंचं लक्ष सारखं घड्याळाकडे. ताट मध्येच होतं, रुमालाखाली. मी घ्या म्हटलं नाही. म्हणणारही नव्हते. मागची सगळी वर्षं मी घ्या म्हणूनच पाठवलं होतं.

शेवटी काकूच म्हणाल्या, "आगं, बूट वाढव की. असं येक येक करून पुढली दिवाळी यायची."

"चहाफराळ झाल्याशिवाय बूट वाढत नाही, काकू."

नियम त्यांना माझ्याहून जास्त पाठ होता. त्यांनी ताटाकडे बघितलं, मग रिकाम्या जागांपुढच्या वाट्यांकडे. काकूंनी रुमाल बाजूला केला, एक करंजी उचलली, तिची मुरड उजेडात धरून बघितली आणि खाल्ली. सगळी खाल्ली, सांडलेलं सारणही तळहातावर घेऊन.

"चहा आण," त्या म्हणाल्या. "आन् आता बूट तीन."

मी चहाला आत गेले तेव्हा माझे डोळे भरून आले, आणि एका करंजीवर डोळे भरून यावेत याचा मला रागही आला. दोन्ही खरं होतं. चहा घेऊन बाहेर आले तर काकूंनी दुसरी करंजी उचललेली होती आणि मास्तरीणबाईंच्या वाटीतून बूट काढणं चालू होतं. एकेक वाटी रिकामी व्हायला लागली. काकू पालथी घालून सांगायच्या, ड्रायव्हरीण बाद. मास्तरीण बाद. सहाही जणी आपापल्या घरी बसून बाद झाल्या.

तेवढ्यात स्टेशनकडून शिट्टी झाली आणि काकू उठल्या. आमचा दोघींचा डाव अर्धाच राहिला होता. मोडलेला डाव पुढच्या वर्षी त्याच घरी बसतो, हाही नियमच. चपला घालताना काकूंनी तो बोलून दाखवला आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी नळावर मास्तरीणबाई तणतणत होत्या की आम्ही नसताना आमच्या वाट्या रिकाम्या करायचा अधिकार कुणी दिला. काकूंनी घागर भरता भरता उत्तर दिलं, "जागा रिकामी, बूट चालू. सिस्टर पोर सोडवत व्हती तवा चाललं ना तुमाला?"

त्या पुढच्या वर्षी माझ्या सतरंजीवर काकूंखेरीज आणखी दोघी आल्या. बाकीच्या कधीच आल्या नाहीत, शेवटपर्यंत नाहीत. दोघींतली एक ड्रायव्हरीण, ती वेळेवर आली. दुसऱ्या मास्तरीणबाई. त्या आल्या तेव्हा स्टोव्ह पेटला होता आणि त्यांच्या वाटीचा जेमतेम तळ झाकलेला होता. दारातच थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग बसल्या. त्यांनी आधी वाटीतले चिंचोके बोटाने हलवून बघितले, मग मी पुढे केलेल्या ताटातली करंजी उचलली.

डावात त्या लगेच हरल्या. पण खाऊन गेल्या.